टायोगा पास ते बॅडवॉटर: मोटरवाली अँटेना घेऊन

टायोगा पासचा रस्ता पहिला मोठा बर्फ पडला की बंद होतो आणि मग थेट मे-जूनच्या सुमारास उघडतो. म्हणून ऑक्टोबरात निघालो. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून ओकडेल, ग्रोव्हलँड, योसेमिटी, टायोगा पास, पलीकडे ली व्हाइनिंगला उतरून महामार्ग ३९५ ने दक्षिणेला बिशप आणि लोन पाइन, मग १९० ने डेथ व्हॅली. उंची ३,०३१ मीटरवरून समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. नवरा गाडी चालवणार आणि मी शेजारी हॅम (हौशी) रेडिओवर, ही वाटणी घरीच ठरली होती. एसयूव्हीच्या मागच्या दाराच्या कडेला स्क्रूड्रायव्हर अँटेना होती आणि तिची मोटर चालवायला नवाकोरा कंट्रोलर. या वाटेने एचएफ मोबाइल, म्हणजे गाडीतून शॉर्टवेव्हवर हॅम रेडिओ, करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. निसर्गवर्णन कमी सापडेल, माफ करा.

ज्यांनी ही अँटेना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे साधारण १० मीटर. एवढा दांडा गाडीवर कोण लावू देणार? मग दीड-दोन मीटरची अँटेना लावायची आणि कमी पडलेली लांबी कॉइलने, म्हणजे तारेच्या वेटोळ्याने, भरून काढायची. खालच्या नळीतली मोटर स्क्रू फिरवते, कॉइल नळीतून वर सरकते. जितकी कॉइल बाहेर तितकी फ्रीक्वेन्सी खाली. अमेरिकेत डॉन जॉन्सन (कॉलसाइन डब्ल्यू६एएक्यू) यांनी ही रचना हॅम मंडळींत रुजवली आणि मोटर वापरली ती बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची. आज टारहीलच्या अँटेना आहेत, याएसूची एटास आहे, तत्त्व तेच.

अडचण अशी की इतकी आखूड अँटेना ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) जेमतेम २०-३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात नीट चालते. जरा डायल फिरवला की पुन्हा जुळवा. अँटेनासोबत साधं वर-खाली बटण येतं. ते दाबून धरायचं आणि एसडब्ल्यूआरच्या (अँटेना किती जुळली त्याचं माप, कमी तितकं बरं) काट्याकडे बघत बसायचं. घाटात हे कुणीही करू नये, शेजारी बसलेल्यानेही नाही, कारण दोन मिनिटांत मळमळतं.

कंट्रोलर ढोबळमानाने दोन जातींचे. एक मोजणारा: मोटरच्या अक्षावरचं चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच) गेलं की एक पल्स, त्या मोजून कॉइल कुठे आहे ते आकड्यात दिसतं आणि आवडीच्या जागा मेमरीत ठेवता येतात. दुसरा ऐकणारा: रिगचं (रेडिओ संचाचं) ट्यून बटण दाबलं की रिग साधारण १० वॉटचा कॅरियर (आवाजाविना नुसता सिग्नल) सोडते आणि एसडब्ल्यूआर पडेपर्यंत हा मोटर फिरवतो. माझ्याकडच्यात दोन्ही होतं. माझं मत विचाराल तर मेमरीने जवळपास नेऊन सोडावं आणि शेवटचा केसभर फरक ट्यूनवर टाकावा. नुसत्या ट्यूनवर भिस्त ठेवली तर २० मीटरच्या बँडवरून (१४ मेगाहर्ट्झ) ४० ला जाताना मोटर बराच वेळ कुरकुरत राहते आणि तेवढा वेळ तुमचा कॅरियर बँडवर शिट्टी वाजवत असतो. ट्यून दाबण्याआधी फ्रीक्वेन्सी रिकामी आहे ना, हे विचारायचं विसरू नका.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो चोकला, म्हणजे तारांवरून येणारं आरएफ (रेडिओ लहरींचा प्रवाह) अडवणाऱ्या वेढ्यांना. या अँटेनाचा मोटर असलेला खालचा भाग गाडीच्या बॉडीपासून विलग असतो आणि त्यावर आरएफ असतं. त्यामुळे मोटरच्या दोन आणि रीड स्विचच्या दोन, अशा चारही तारा आरएफ सरळ गाडीत घेऊन येतात. अँटेनाच्या बुडाशीच, अगदी लागून, मिक्स ३१ जातीच्या फेराइटवर (चुंबकीय कड्यावर) या तारांचे जमतील तितके वेढे द्यावेत. एक क्लिप-ऑन मणी अडकवून मोकळं होणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं. कोअॅक्सलाही (रिगपासून अँटेनापर्यंतची केबल) तसाच चोक हवा.

दुसरं, बाँडिंग, म्हणजे गाडीचे धातूचे भाग एकमेकांना विजेने जोडणं. मागचं दार बिजागरीवर लटकलेलं असतं, आणि बिजागरी म्हणजे विद्युत जोड नव्हे. दारापासून बॉडीपर्यंत तांब्याची चपटी वेणी, दोन्ही टोकांना रंग खरवडून. सायलेन्सरच्या नळीलाही एक. तिसरं, अँटेनाच्या बुडाशी फीड (सिग्नल पोचवणारी तार) आणि ग्राउंड यांच्यामध्ये शंट कॉइल. खालच्या बँडवर या अँटेनाचा इंपिडन्स (विद्युत अडथळा) रिगला हव्या असलेल्या ५० ओमच्या बराच खाली असतो. ही छोटी कॉइल नसेल तर कंट्रोलर बिचारा एसडब्ल्यूआरचा कधीच न येणारा तळ शोधत वर-खाली फिरत राहतो. मग लोक म्हणतात कंट्रोलर बिघडला. वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्या. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो. तिथे रिगची काळी तार त्या टोकाला न लावता बॉडीच्या ग्राउंड बोल्टला लावावी.

आता रस्ता. ग्रोव्हलँड ओलांडल्यावर १४.३३६ मेगाहर्ट्झ लावलं. इथे काउंटी-हंटर मंडळी भेटतात. अमेरिकेतल्या ३,०७७ काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) प्रत्येकीतून एक संपर्क, असा त्यांचा छंद आहे. फिरत्या गाडीची ते वाटच पाहत असतात, त्यामुळे नवख्या मोबाइलवालीलाही हाक मारत बसावं लागत नाही. टूअलमी काउंटीतून पाच-सहा जण झाले. टायोगा पासच्या माथ्यावर काउंटी बदलते, पलीकडे मोनो. तेच लोक पुन्हा आनंदाने सिग्नलचा रिपोर्ट घेतात. नवरा म्हणाला, "एकाच माणसाला दोनदा नमस्कार करून हे इतके खूश कसे होतात?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

ली व्हाइनिंगला पेट्रोल भरताना एसडब्ल्यूआर एकदम चढला. पंपावरचं पत्र्याचं छत डोक्यावर असलं की असं होणारच. उंच ट्रक शेजारी आला, मागचं दार उघडं राहिलं, ओल्या फांद्या अँटेनाला टेकल्या, तरी होतं. अशा वेळी पुन्हा ट्यून करू नये. बाहेर पडलं की मेमरीतली जागा बरोबरच असते.

मॅमथच्या पुढे ४० मीटरवर नूनटाइम नेटमध्ये (ठरल्या वेळी हवेत भरणारी हॅमची बैठक) शिरले. पश्चिम किनाऱ्यावर दुपारी १२ ला हे नेट भरतं आणि मोबाइलवाल्यांना अगत्याने आधी घेतात. इथे एक गंमत दिसली: मी बोलायला लागले की कंट्रोलरचा आकडा आपोआप पुढे सरके. मोटर बंद, कॉइल जागच्या जागी, आणि पल्स मात्र मोजल्या जाताहेत. रीडच्या तारांवरून शिरलेलं आरएफ कंट्रोलरला पल्स वाटत होतं. बिशपला थांबून त्याच तारा कंट्रोलरच्या टोकालाही फेराइटवर गुंडाळल्या आणि आकडा शहाण्यासारखा बसला. म्हणून दोन-तीन जादा फेराइट, क्लिपा आणि चिकटपट्टी सोबत असू द्या. पुढे कितीतरी मैल मोबाइल फोनला सिग्नलही नाही, दुकान दूरच.

लोन पाइनच्या अलीकडे मॅन्झनारला रेडिओ बंद ठेवला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या १०,००० हून अधिक लोकांना इथे डांबलं होतं. त्यांच्यातल्या परकीय नागरिकांना शॉर्टवेव्ह रेडिओ बाळगायलाही त्या काळी बंदी होती. खरं तर हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ पार्क्स ऑन द एअरच्या (उद्यानांतून रेडिओ संपर्क करण्याचा हॅम उपक्रम) यादीत बसतं आणि १० संपर्कांत काम झालं असतं, पण तिथे मन झालं नाही.

ती हौस बॅडवॉटरला भागवली. मिठाचा खारा, ओलसर पट्टा उभ्या अँटेनाला मानवतो. क्षितिजालगत जाणारी लहर सुक्या खडकापेक्षा इथे कमी वाया जाते. १०० वॉटवर २० मीटरला पूर्व किनाऱ्याकडून फाइव्ह-नाइन (अगदी स्पष्ट आणि जोरदार) रिपोर्ट मिळाले. ऊन मात्र ऑक्टोबरातही भाजतं. डॅशबोर्डवर ठेवलेल्या कंट्रोलरचा एलसीडी काळा पडून आकडे दिसेनासे झाले. तो सीटच्या बाजूला, सावलीत बसवा.

भारतातून कुणी हे करणार असेल तर मेमरीच्या जागा जरा वेगळ्या ठेवा. आपल्याकडे ४० मीटर ७.००० ते ७.२०० एवढाच, अमेरिकेत जनरल लायसन्सवाल्यांचं बोलणं ७.१७५ ते ७.३०० मध्ये चालतं. अमेरिकेतल्या लायसन्सच्या परीक्षेला नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा कामानिमित्त आलेल्यांनी संधी सोडू नये.

रोज रात्री मुक्कामाला पोचलं की कॉइल पूर्ण खाली आणून आकडा शून्यावर घ्यायचा. मोटर बंद झाल्यावरही किंचित पुढे घरंगळते, ती चूक दिवसभर साठत जाते. खाली आणलेल्या कॉइलला धूळही कमी लागते. डेथ व्हॅलीनंतर मात्र कॉइल पूर्ण बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा, बॉडीवरच्या वेण्यांची टोकं साध्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर महिन्याभरात हिरवी होतील. आणि हॉटेलच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी अँटेनाची वरची व्हिप (लवचीक काडी) काढून ठेवा; उंचीची पाटी गाडीपुरती असते.