तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चला कर नाही, मग डायनासोरवाला पाद्री आत कसा गेला?

अमेरिकेतल्या देवळांचे आणि मराठी मंडळांचे हिशेब पाहणाऱ्यांना हा प्रश्न हटकून येतो. "तिकडे धर्मसंस्थेला कर नसतोच ना? मग त्या केंट होविंडला दहा वर्षांची शिक्षा कशासाठी झाली? देवाधर्माचं काम करणाऱ्याच्या मागे सरकार लागलं, असंच ना?"

नाही. सरकार मागे लागावं यासाठी या गृहस्थांनी बरीच वर्षं चिकाटीने मेहनत घेतली होती.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. होविंड हे फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचे प्रचारक. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं, माणूस आणि डायनासोर एकाच काळात नांदत होते, नोहाच्या तारवात डायनासोरांची पिल्लं होती, ही त्यांची शिकवण. स्वतःला 'डॉक्टर डायनो' म्हणवून घेत. डॉक्टरेट कुठलीही मान्यता नसलेल्या बायबल विद्यापीठाची. व्याख्यानं, व्हिडिओ आणि २००१ पासून 'डायनासोर ॲडव्हेंचर लँड' नावाचं उद्यान, असा जोरात चाललेला कारभार. बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक अक्षरशः वाचायचं आणि आयकराचा कायदा मात्र रूपककथा म्हणून वाचायचा, ही त्यांची खरी खासियत.

आता कायदा. अमेरिकेत चर्च, देऊळ, मशीद, गुरुद्वारा यांना आयकर कायद्याच्या ५०१ सी ३ या कलमाखाली आयकर माफ असतो, आणि त्यासाठी अर्जसुद्धा करावा लागत नाही. इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी भरावं लागणारं ९९० नंबरचं विवरणपत्र चर्चला माफ. पाद्र्याला घरभाड्यापोटी दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेत आयकरातून मुक्त. चर्चची करचौकशी सुरू करायची तर आयकर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे वाजवी कारण हवं आणि आधी लेखी नोटीस हवी. फौजदारी तपासाला मात्र हे कवच लागू नाही. एवढी पंगत वाढून ठेवलेली असताना हा माणूस ताट लाथाडून भांडायला उभा राहिला. संस्थेसाठी करमाफीची मान्यता मागितलीच नाही, कारण मागणं म्हणजे सरकारचा अधिकार मान्य करणं.

तरीही त्यांना अडकवलं ते संस्थेच्या आयकराने नव्हे, नोकरांच्या पगाराने. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच.

चर्चने तिकीट खिडकीवर बाई ठेवली, व्हिडिओच्या कॅसेट भरायला मुलगा ठेवला, की चर्च मालक होतं. मालकाने नोकराकडून डब्ल्यू-४ (किती कर कापायचा हे ठरवणारा फॉर्म) भरून घ्यायचा, पगारातून आयकर कापायचा, शिवाय सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ आणि मेडिकेअरचे (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) १.४५ असे मिळून ७.६५ टक्के कापायचे आणि तेवढेच स्वतःच्या खिशातून घालायचे. आठवड्याला ५०० डॉलर पगार असेल तर नोकराचे ३८.२५, मालकाचे ३८.२५, आणि आयकर वेगळा. हे पैसे ठरल्या तारखांना सरकारात जमा करायचे, दर तिमाहीला त्या करांच्या हिशेबाचा ९४१ नंबरचा फॉर्म भरायचा आणि जानेवारीअखेर नोकराच्या हातात डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, ठेवायचा. कापलेली रक्कम मालकाची नसतेच. ती नोकराच्या वतीने सांभाळलेली ठेव असते, म्हणून जाणूनबुजून न कापणं किंवा न भरणं हा कलम ७२०२ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

होविंड यांचं उत्तर साधं होतं: आमच्याकडे नोकर नाहीतच. हे सगळे देवाचे सेवक, आणि त्यांना मिळते ती प्रेमाची भेट. बरं, प्रेमाची भेट मोजायला घड्याळात कार्ड मारावं लागतं का? खटल्यात साक्षीतून आलं की माणसं टाइमकार्ड मारत होती, त्यांना भरपगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा होती. नोकर की सेवक हे नावावरून ठरत नाही. कामाची वेळ, जागा आणि पद्धत कोण ठरवतं, यावर ते ठरतं. रजेचा हिशेब ठेवला त्या दिवशीच सेवक नोकर झाला.

गंमत अशी की खरोखरच धार्मिक कारणाने आक्षेप असेल तर त्यालाही कायद्यात वाट आहे. १९८४ पासून चर्चला ८२७४ नंबरचा फॉर्म भरून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमधला मालकाचा वाटा नाकारता येतो. मग तो भार नोकर स्वतः उचलतो. आयकर कापणं तेवढं चुकत नाही. पण त्यासाठी पहिला ९४१ देय होण्याआधी तो फॉर्म भरावा लागतो, आणि फॉर्म भरणं हेच तर पाप! होविंड यांनी २००१ ते २००३ या १२ तिमाहींत पगारावरचे कर भरले नाहीत, म्हणून १२ आरोप. रक्कम सुमारे ४ लाख ७० हजार डॉलर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं ते असं.

पगार रोखीत द्यायचा तर बँकेतून रोख काढायला हवी. अमेरिकेत एका दिवसात दहा हजार डॉलरहून जास्त रोख काढली किंवा भरली की बँक सरकारला अहवाल पाठवते. हा १९७० च्या कायद्याचा नियम. अहवाल म्हणजे कर नाही, दंड नाही, चौकशीही नाही. बँकेचा माणूस ओळखपत्र पाहून फॉर्म भरतो आणि तुम्ही पैसे घेऊन घरी जाता. असे अहवाल वर्षाला लाखोंनी जातात आणि बहुतेकांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण तो टाळण्यासाठी रकमेचे तुकडे पाडणं हा वेगळा गुन्हा. होविंड दांपत्याने जुलै २००१ ते ऑगस्ट २००२ या काळात ४५ वेळा मिळून सुमारे ४ लाख ३० हजार डॉलर काढले, म्हणून आणखी ४५ आरोप. भागाकार करून पाहा: दर वेळी सरासरी साडेनऊ हजारांच्या वर. बँकेत नेमकी हीच खूण ओळखायला शिकवतात, आणि ती दिसली की बँक संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवते, तोही खातेदाराला न कळवता. साधा कागद चुकवायला गेले आणि जास्त धोक्याचा कागद ओढवून घेतला.

"स्वतःचेच पैसे काढले तर गुन्हा कसा?" असं त्यांचे पाठीराखे विचारतात. हा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे कलम कठोर आहे आणि त्यात प्रामाणिक दुकानदारही भरडले गेले आहेत. म्हणूनच २०१४ मध्ये आयकर खात्याने पैसा कायदेशीर असेल तर केवळ तुकडे पाडल्याबद्दल सहसा जप्ती करणार नाही असं जाहीर केलं, आणि २०१९ मध्ये अमेरिकी संसदेने जप्तीवर कायद्यानेच मर्यादा घातली. पण पेन्साकोलात ती रोकड कर न कापता दिलेल्या पगाराला जात होती. तिथे सोज्वळ दुकानदाराची तुलना लागू पडत नाही.

१२ आणि ४५ नंतरचा ५८ वा आरोप आयकर खात्याच्या कामात अडथळा आणल्याचा, आणि करमणूक सगळी त्यात आहे. १९९६ मध्ये खात्याने गाड्या जप्त केल्यावर होविंड यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला: माझं काहीच नाही, सगळं देवाचं, मला उत्पन्नच नाही. न्यायालयाने अर्ज बदहेतूने केल्याचं म्हटलं. १९९८ मध्ये नवरा-बायकोने सोशल सिक्युरिटीसकट सरकारी कागदांवरच्या आपल्या सह्या मागे घेतल्याचं पत्र नोंदवलं. सही मागे घेतली की देणं संपतं, असं असतं तर गृहकर्ज कुणी फेडलं असतं? पुढे अधिकाऱ्यांवरच दावे आणि तक्रारी. कर चुकवायचे सल्ले देणारे ज्या 'कॉर्पोरेशन सोल'च्या (पदावरच्या एकाच व्यक्तीची संस्था) रचना विकतात, त्या बिशपच्या पदाबरोबर मालमत्ता पुढच्या बिशपकडे जावी एवढ्यासाठी असतात. स्वतःचं उत्पन्न त्यात लपत नाही, हे आयकर खात्याने २००४ मध्ये लेखी निर्णय काढून सांगितलंय. देवाच्या नावावर केलेल्या मालमत्तेच्या चाव्या ज्याच्या खिशात, मालक तोच.

१९९१ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कायद्याबद्दल प्रामाणिक गैरसमज असेल तर 'जाणूनबुजून' हा घटक सिद्ध होत नाही. म्हणजे अज्ञानाला थोडी जागा आहे. पण दिवाळखोरीच्या न्यायालयाने एकदा तोंडावर सांगितल्यानंतरही तेच चालू ठेवलं, तर अज्ञान कुठून आणणार?

स्थानिक बांधकाम परवान्याचीही तीच तऱ्हा. ५० डॉलरचा परवाना. देवाच्या बांधकामाला माणसाची परवानगी कशाला, म्हणून वर्षानुवर्षं भांडले, आणि २००६ मध्ये आरोपांना विरोध न करता ६७५ डॉलर दंड भरला. वकिलीवर खर्च सुमारे ४० हजार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच वर्षी जुलैत आरोप वाचून दाखवले तेव्हा त्यांनी 'दोषी' किंवा 'निर्दोष' न म्हणता भलताच शब्दप्रयोग करून पाहिला. अशा मंत्रांचा बाजार अमेरिकेत मोठा आहे: झेंड्याला सोनेरी झालर असेल तर न्यायालय आरमाराचं, म्हणून त्याचा आपल्यावर अधिकार नाही, नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तर तो मी नव्हेच. एकही मंत्र आजवर कोर्टात लागलेला नाही, आणि हल्ली असे युक्तिवाद विवरणपत्रात घातले तर ५,००० डॉलर दंड होतो. नोव्हेंबर २००६ मध्ये ज्यूरीने ५८ च्या ५८ आरोपांवर दोषी ठरवलं. जानेवारी २००७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा आणि सहा लाखांवर डॉलर भरपाई. शिक्षेच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी तुरुंगातून घरी केलेल्या फोनच्या फिती ऐकवल्या. त्यांत मालमत्ता वसुलीपासून कशी लपवायची याची चर्चा होती. तुरुंगातला फोन रेकॉर्ड होतो, हे तिथे भिंतीवर लिहिलेलं असतं. पत्नीलाही वर्षभराची शिक्षा झाली. डिसेंबर २००८ मध्ये अपील फेटाळलं गेलं.

सुंभ जळला तरी पीळ राहिला. जप्त जमिनींवर आपला दावा नोंदवल्याबद्दल तुरुंगातूनच नवा खटला ओढवला. २०१५ मध्ये त्यातल्या बहुतेक आरोपांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि न्यायालयाच्या अवमानाचा जो एक टिकला तो न्यायाधीशांनीच नंतर रद्द केला. त्याच वर्षी सुटका झाली, आणि आता अलाबामात लेनॉक्सजवळ दुसरं डायनासोर उद्यान आहे.

आता तुमच्यातल्या ज्यांनी हे देवळाच्या समितीवर असल्यामुळे विचारलं, त्यांच्यासाठी. पुजाऱ्याला देता ती रक्कम दक्षिणा म्हणून वहीत लिहिली तरी दरमहा ठरलेली असेल तर तो पगारच. पुजारी धर्मगुरू म्हणून नोकरीत असेल तर त्याचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर तुम्ही कापायचा नाही, तो स्वतः भरतो. डब्ल्यू-२ मात्र तुम्हीच द्यायचा. प्रसादाचा स्वयंपाक करणारी बाई आणि झाडलोट करणारा माणूस धर्मगुरू नव्हेत, त्यांचे ७.६५ टक्के कापावेच लागतात. कार्यक्रमाला एकदा आलेल्या कीर्तनकाराचा प्रकार वेगळा, त्याला बहुधा १०९९ (नोकर नसलेल्याला दिलेल्या मोबदल्याचा फॉर्म) लागतो. आणि दानपेटीतली रोकड पंधरा हजार निघाली तर पंधरा हजारच एकदम बँकेत भरा.