४२.३४ मीटरच्या वाटेवर: येरवडा ते सिंहगड

येरवडा कारागृहाच्या दगडी भिंतीवरून पुणेकर रोज जातात-येतात. त्या सकाळी मी मात्र पाठपिशवीत रेडिओ संच घेऊन तिथे मुद्दाम थांबलो, कारण १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता यांनी चार वर्षांची शिक्षा याच भिंतींआड भोगली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या. ‘चले जाव’च्या ठरावानंतर गांधीजींना इथून जवळच्या आगाखान पॅलेसमध्ये डांबले गेले आणि तिकडे मुंबईत बावीस वर्षांची ही मुलगी सहकाऱ्यांसह, पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत, ४२.३४ मीटर लांबीच्या रेडिओ लहरीवर बोलू लागली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि तो आवाज थांबला.

या प्रवासाचे कारण तो आकडाच होता. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, आणि भारतातील परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आज ज्या ४० मीटर बँडवर बोलतात तो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे ती लहर आज आमच्या हक्काच्या पट्ट्यात येते. ती सिंहगडावरून ऐकायची, असे मी ठरवले होते.

खडकवासल्याचे पाणी मागे टाकून घाट चढताना डोक्यात दुसऱ्या महायुद्धात युरोपातील गुप्तहेर वापरत ते पेटीचे संच घोळत होते. ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी जॉन ब्राउन यांनी रचलेला ‘बी-२’ संच एका साध्या प्रवासी सुटकेसमध्ये मावत असे, पण त्याचे वजन सुमारे १५ किलो होते. साधारण ३ ते १६ मेगाहर्ट्झच्या टप्प्यात तो वीसएक वॉटपर्यंत शक्ती देई. प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी आत बसवलेल्या क्रिस्टलने, म्हणजे स्फटिकाच्या छोट्या तुकड्याने, ठरत असल्यामुळे ती बदलायची तर क्रिस्टल बदलावा लागे. तो घरच्या विजेवरही चाले आणि ६ व्होल्टच्या बॅटरीवरही. ही दुहेरी सोय जिवाची होती: गस्तीची जर्मन वाहने संदेशाची दिशा शोधत येत, मग एकेका भागाची वीज तोडली जाई, आणि विजेबरोबर संदेश थांबला की तो कुठून येतो ते उघड होई. बडोद्याचे संगीतकार इनायत खान यांची कन्या नूर हिने १९४३ मध्ये पॅरिसमधून संदेश पाठवण्याचे काम असल्याच सावटाखाली केले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. हे आठवले की कोणत्याही जुन्या पेटीकडे मला निव्वळ यंत्र म्हणून पाहता येत नाही.

गडावर वारा भणाणत होता. दूरदर्शनच्या मनोऱ्यापासून दूर, कल्याण दरवाजाच्या अंगाला मी फायबरचा खांब उभारला आणि वीस मीटर तार उतारावर तिरकी सोडली. पिशवीतला आयकॉम आयसी-७०५ हा संच जेमतेम ११०० ग्रॅमचा, स्वतःच्या बॅटरीवर ५ वॉट देणारा, म्हणजे शक्तीच्या बाबतीत बी-२ त्याच्या चौपट. पुढारलेपण शक्तीत नाही, ते ऐकण्यात आहे. पडद्यावर सारा बँड एकदम दिसतो, कोण कुठे बोलत आहे ते बारीक उभ्या रेषांतून कळते आणि हव्या त्या रेषेवर बोट टेकवले की आवाज येतो. चार व्हॉल्व्हचा (काचेच्या रेडिओ नळ्यांचा) रिसीव्हर घेऊन, कान हेडफोनला लावून, गोंगाटातून आपलेच केंद्र शोधणाऱ्या त्या माणसांना ही एक सोय मिळाली असती, तर हवेवरची किती धोक्याची मिनिटे वाचली असती!

७.०८ वर बराच वेळ नुसती खरखर होती. थोडे वर सरकून मी ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या) असे पुकारले आणि हैदराबादच्या एका स्टेशनने ‘फाइव्ह सेव्हन’, म्हणजे आवाज स्पष्ट येतो, असा अहवाल दिला. त्यांनी ठिकाण विचारले, मी सिंहगड सांगितला, आणि त्यांनी मला अक्षरे पुन्हा उच्चारायला लावली. आज नियमच असा आहे की कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखचिन्ह, उघड सांगायचे आणि सांकेतिक भाषा वापरायची नाही. जे सांगितल्याने तेव्हा फासाची भीती होती, तेच न सांगणे आता गुन्हा ठरते.

कुणाला असा संच घेऊन गडावर यायचे असेल, तर परवाना हवाच. त्यासाठीची परीक्षा थोड्या अभ्यासाने जमते. शनिवार-रविवारची गर्दी टाळावी, आणि तार बुरुजाला किंवा तटाला न बांधता स्वतःचा खांब सोबत आणावा.