गुणाकार चुकला तर सर्व्हर कसा जातो?

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नव्याने सी भाषेत प्रोग्राम लिहू लागलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात: पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ठरलेल्या बिटांत मावला नाही, तर फार तर उत्तर चुकेल, परक्याला सर्व्हरचा ताबा कसा मिळतो? तुम्ही विचारलंत म्हणून आकडे मांडूनच सांगते.

३२ बिटांचा अनसाइन्ड (ऋण किंमत नसलेला) पूर्णांक ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो. पुढे रिक्षाच्या जुन्या किलोमीटर-काट्यासारखा शून्यावर येतो. समजा, लायब्ररीकडे (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडकडे) नेटवर्कवरून एक यादी येते. घटक किती, हे पाठवणाराच सांगतो: १,०७,३७,४१,८२५. प्रत्येक घटक ४ बाइटचा. गुणाकार ४,२९,४९,६७,३०० व्हायला हवा, हाती उरतात ४. मॅलॉक (मेमरीत जागा मागण्याचं सीचं फंक्शन) बिनतक्रार ४ बाइट देतो. घटक भरणारं लूप मात्र मूळ संख्येवर चालतं. मागितलेली जागा पहिल्याच घटकात संपते आणि लिहिणं हीपवरच्या (मॅलॉक जिथून जागा देतो त्या मेमरीतल्या) शेजारच्या तुकड्यात शिरतं. तिथे हीपचा स्वतःचा हिशेब असतो, कधी फंक्शन पॉइंटर, म्हणजे पुढे कोणता कोड चालवायचा याचे पत्ते, असतात. ते बदलले की प्रोग्राम हल्लेखोर सांगेल तिकडे जातो. एवढं लिहिताना प्रोग्राम कोसळणार नाही का? हल्लेखोर डेटा मध्येच संपवतो, वाचन फसतं, लूप थांबतं. किती बाइट लिहायचे हे त्याच्या हातात राहतं, आणि खरा धोका तोच.

२००२ साली सन आरपीसीच्या (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन नेटवर्कवरून चालवण्याच्या सन कंपनीच्या पद्धतीच्या) एक्सडीआर या डेटा बांधण्या-उलगडण्याच्या लायब्ररीत ॲरे वाचणाऱ्या फंक्शनमध्ये नेमकं हेच सापडलं. तोच कोड ग्लिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) आणि सोलारिस, बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये गेलेला होता. संख्येवर कमाल मर्यादेची तपासणी होती, पण गुणाकार मावतो का हे कुणी पाहत नव्हतं. ग्लिबसीतली दुरुस्ती जेमतेम एका अटीची: संख्या ही 'कमाल मूल्य भागिले घटकाचा आकार' याहून मोठी असेल तर नकार.

भागाकार आधी, गुणाकार नंतर. 'गुणाकार संख्येपेक्षा लहान आला तर चूक' ही तपासणी अजूनही कोडमध्ये दिसते आणि ती पोकळ आहे. १,४३,१६,५५,७६७ गुणिले ४ केलंत तर उरतात १,४३,१६,५५,७७२. म्हणजे मूळ संख्येहून मोठेच! साइन्ड (ऋण किंमतही घेणाऱ्या) पूर्णांकात तर ओव्हरफ्लो अव्याख्यात असल्याने, म्हणजे त्याचं काय व्हावं हे भाषेचे नियम सांगतच नसल्याने, कंपायलर अशी अट सरळ काढूनही टाकू शकतो.

६४ बिटांचं मशीन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही संख्या ३२ बिटांच्या असतील तर गुणाकार ३२ बिटांतच होतो. उत्तर मोठ्या चलात ठेवेपर्यंत उशीर झालेला असतो. मॅलॉकच्या कंसात गुणाकार दिसला की तिथे कॅलॉक किंवा रीअलॉकॲरे वापरा; जागा देणारी ही फंक्शनं गुणाकार मावतो का हे स्वतः पाहतात. दोन्हींना संख्या आणि आकार वेगवेगळे, साइज-टी (मेमरीचे आकार मोजण्याचा सीचा पूर्णांक) प्रकारात द्या आणि परत आलेला पॉइंटर नल आहे का, म्हणजे जागा नाकारली का, ते तपासा.