अटॅक नव्हता, मग मुलगा घरात का?

"अटॅक नाय मा इलो? मगे झिलाक घरात कित्याक बसवन ठेवलंस?" कुडाळच्या बाजारात, एसटीत, देवळाच्या पायरीवर हाच प्रश्न. शिमग्यापासून उत्तरं देतेय. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच नीट सांगते.

अटॅक नव्हता, खरं आहे. अटॅकात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडते आणि तिच्यापुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. माझ्या मुलाच्या वाहिन्या मोकळ्या होत्या. त्याला मायोकार्डायटिस झाला, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज आली.

घसा दुखून ताप आला, उतरला. मग एका पहाटे छातीत दुखतंय म्हणून उठला. एकोणीस वर्षांचा, कबड्डीत चढाया करणारा मुलगा घामाने भिजून पडवीत बसलेला. ईसीजीची पट्टी बघून डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अटॅकसारखं दिसतंय, गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवा." एकशेआठची गाडी झारापच्या पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "आये, मी मरतलंय काय?" मी त्याला "गप रव" म्हटलं. दुसरं काही तोंडातून येईना. बांद्यापर्यंत त्याच्या पायाचा तळवा चोळत बसले. तो बर्फासारखा गार होता.

रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे स्नायूला इजा झालेली. मनगटातून नळी घालून वाहिन्या तपासल्या, अँजिओग्राफी म्हणतात ती. ब्लॉक नाही, कळल्यावर मी बाकावर बसून रडले. सुटलो, वाटलं. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण आली. रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर तिनं हृदय काढलं: बाहेरची पिशवी, मधला जाड स्नायू, आतलं अस्तर. पिशवी सुजली तर पेरिकार्डायटिस, अस्तर किंवा झडपा सुजल्या तर एन्डोकार्डायटिस. मधल्या स्नायूवर पेन घासून घासून तिनं तो निळा केला. "याचा हा सुजलाय." इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) 35 टक्के आलं. ते 55 च्या वर हवं.

लेप्टो, डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह. बहुतेक वेळा निमित्त विषाणूचं असतं म्हणाले. कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो दारू पीत नाही, जिमला जात नाही. आणि कोविडच्या लसीचं म्हणाल, तर हा त्रास क्वचित होतो म्हणून जी नावं आली ती फायझर, मॉडर्नाची. आपल्याकडे बहुतेकांना दिलेली कोविशील्ड त्या जातीची नव्हे. आणि याने लस घेतली त्यालाही वर्षं झाली. माझ्या तोंडून अजून काय काढायचंय?

आता घरात का. सुजलेल्या स्नायूवर जोराचा ताण पडला तर हृदयाचे ठोके एकाएकी बिघडू शकतात, माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. म्हणून तीन ते सहा महिने खेळ नाही, ओझं नाही, धावपळ नाही. पंपिंग सुधारलं तरी नाही, कारण एमआरआयमध्ये सूज किंवा व्रण दिसू शकतो. तो हसतो, जेवतो, दुकानापर्यंत चालत जातो. तुम्हाला बरा दिसतो. मलाही दिसतो, तेच अवघड जातं.

कधी वाटतं, मी फार जपतेय. परवा अंगणात चेंडू उचलून टाकला तर ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "डॉक्टर इतके म्हणाले नव्हते." नव्हतेच म्हणाले. तरी झाराप आठवतं आणि मी पुन्हा ओरडते. बांबोळीच्या बाकावरची मी 'ब्लॉक नाही' एवढ्यावर समाधानी होते. तिचं खरं की आजच्या माझं, मला ठरवता येत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा इको, चोवीस तास ठोके नोंदणारं होल्टरचं यंत्र, मग ट्रेडमिलची चाचणी. कबड्डीचं त्यानंतर बघू. भाताच्या लावणीला या वर्षी आमच्या घरातून मी येईन, तरवा काढीन, भारे वाहीन. तो येणार नाही. पॉवर टिलरला माणूस आत्ताच बघून ठेवा.