करंट गेला, बरं झालं

१० मे २०२४. लोकसभेचं मतदान होऊन तीन दिवस झाले होते आणि आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात वळवाचे ढग जमत होते. मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) फिजिक्स शिकवतो. आभाळातले नैसर्गिक रेडिओतरंग ऐकायचे म्हणून सुट्टीत पोरांनी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, बांबूच्या चौकटीवर वेढे घातले, बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. हेडफोन लावला की नुसती घुंऽऽ. विजेच्या तारांचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट, दुसरं काही नाही.

रात्री करंट गेला. एरवी सगळे बोटं मोडतात; त्या रात्री पोरं ओरडली, "सर, गेला की!"

घुंऽऽ थांबली. कडकड, आणि त्यात बारीक "टिव्, टिव्". लांब कुठंतरी पडलेल्या विजांचे हे रेडिओतरंग. रात्री आयनांबर, म्हणजे हवेचा वरचा विद्युतभारित थर, साधारण ८५-९० किलोमीटरवर असतं. ते आणि जमीन यांच्या सापटीतून जाताना सुमारे १७०० हर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी मागे रेंगाळतात, म्हणून आवाज घसरत येतो.

साडेदहाच्या सुमाराला सूर्यावरून निघालेला धक्का पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ. लडाखात हानलेच्या कॅमेऱ्यात आभाळ तांबडं दिसलं. आमच्या कानात मात्र तीच टिव् टिव्.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅन अ‍ॅलन या नासाच्या जुळ्या यानांनी अवकाशात टिपलेलं अशा लहरींचं रेकॉर्डिंग लावलं. पहाटे झाडावर पाखरांचा कालवा चालावा, तसं. पोरं हिरमुसली. "हे आपल्याला का नाही आलं?"

फळ्यावर काढून दाखवलं. वादळात रात्रीच्या बाजूनं तापलेले इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात आणि पूर्वेकडं, म्हणजे पहाटेच्या बाजूला सरकतात. त्यांचा वेग पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेच्या दिशेपेक्षा तिला आडवा जास्त असतो. ही विषमता टिकत नाही; जास्तीची ऊर्जा ते लहरींना देतात, तोच हा कालवा. त्याच लहरी पुढं काही इलेक्ट्रॉनांना लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत चढवतात, उपग्रहांना भीती त्यांचीच. हा सगळा खेळ पृथ्वीपासून हजारो किलोमीटरवरचा. बेळगावातून निघणारी बलरेषा फार तर शे-दोनशे किलोमीटर वर जाते आणि दक्षिणेला परत खाली उतरते. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथं बलरेषा जमिनीला समांतर असतात ती रेषा, तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळून जातं, आपण त्याच्या अगदी अंगणात. तो कालवा आपल्या रेषेवरून खाली येणार कसा?

मागच्या बाकावरची एक पोरगी वहीत काहीतरी काढत होती. म्हणाली, "सर, इलेक्ट्रॉन पहाटेकडं गेले. मग प्रोटॉन?"

"उलटे. संध्याकाळकडं."

"त्यांचा आवाज?"

"त्यांच्या लहरी सेकंदाला एखाद-दोन हेलकाव्यांच्या. कानाला कळत नाहीत. रेकॉर्डिंग शेकडो पटींनी पळवावं लागतं."

"मग पळवा की, सर."

माझ्याकडं ते रेकॉर्डिंग नव्हतं. शोधायला बसलो.