लाल डावा, हिरवा उजवा

भाऊचा धक्का ते रेवस, लाकडी लाँच, भर दुपार. तिकीट आणि वेळापत्रकाच्या ॲपसाठी आम्ही केलेला 'सागरी' साज त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर गेला. प्रवाशांसाठी मोबाईल आणि तांडेलांसाठी, म्हणजे लाँच चालवणाऱ्या प्रमुखांसाठी, केबिनमध्ये अडकवलेला १० इंची टॅबलेट, असं दुहेरी काम होतं. ऑफिसात सगळ्यांना आवडलं होतं: गडद निळी पार्श्वभूमी, पितळी बटणं, दोरखंडाची चौकट, सुकाणूचं फिरतं चाक आणि वर सिग्नलच्या झेंड्यांची माळ.

तांडेलांनी टॅबलेट जरा वेळ न्याहाळला आणि नकाशावरच्या चिन्हावर बोट टेकवलं. "ही बोट आपल्याच अंगावर का येतेय?"

चिन्ह म्हणजे वरून दिसणारी बोट, टोक वर, म्हणजे जायच्या दिशेला. डावा अर्धा भाग हिरवा, उजवा लाल. रंग आम्ही 'छान दिसतात' म्हणून भरले होते. पण १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बोटीच्या डाव्या कुशीला लाल दिवा असतो आणि उजव्या कुशीला हिरवा. दोन्हींचा उजेड समोरून मागच्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसतो. मागून तिसरा पांढरा, १३५ अंशांचा. बेरीज बरोबर ३६०. त्यामुळे रात्री समोर हिरवा डावीकडे आणि लाल उजवीकडे दिसला, तर ती बोट तोंड आपल्याकडे करून येते आहे, एवढाच अर्थ. आमच्या चिन्हाचं टोक रेवसकडे होतं आणि दिवे सांगत होते की बोट मुंबईला परत निघाली आहे.

अदलाबदल दोन मिनिटांची होती. पण तिच्या पाठोपाठ सगळा रंगसंच उसवला. बाकांच्या आराखड्यात रिकामी जागा हिरवी, विकलेली लाल. म्हणजे एकाच पडद्यावर लाल म्हणजे डावी बाजू, लाल म्हणजे विकलेलं आणि लाल म्हणजे रद्द फेरी. शेवटी ठरवलं की लाल-हिरवा फक्त बोटीच्या बाजू दाखवायला. रिकामं बाक नुसत्या रेघेचं, विकलेलं भरीव. रद्द फेरीवर आडवी काट आणि 'रद्द' हा शब्द.

तेवढ्यानेही भागत नाही. जहाजावरच्या अधिकाऱ्याला रंगदृष्टीची तपासणी द्यावी लागते, तिकीट काढणाऱ्याला नाही. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याचं काय? याचं उत्तर बंदराच्या बोयांनी, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांनी, आधीच देऊन ठेवलंय. भारतात बंदरात शिरताना डाव्या हाताचा बोया लाल आणि डब्यासारखा सपाट माथ्याचा, उजव्या हाताचा हिरवा आणि शंकूसारखा. रंग चुकला तरी आकार सांगतो. आम्ही डाव्या बाजूच्या बाकांचे आकडे चौकोनात आणि उजव्या बाजूचे त्रिकोणात टाकले.

इथेच आणखी एक फट सापडली. विकत घेतलेल्या चिन्हांच्या संचात शंकू लाल होता आणि डबा हिरवा. संच अमेरिकन. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला असतो, आपल्याकडे डाव्या. असे संच डोळे मिटून वापरू नयेत.

झेंड्यांच्या माळेचं तर विचारूच नका. आमच्या एका सहकाऱ्याने 'ऑफर'साठी 'ओ' अक्षराचा झेंडा घेतला होता, तिरका कापलेला लाल-पिवळा. आंतरराष्ट्रीय संकेतात त्याचा अर्थ 'माणूस पाण्यात पडला'. तिकिटावर सूट आणि बाजूला ही खबर! माळेतून एकच झेंडा ठेवला: निळ्यात पांढरा चौकोन, 'पी'. बंदरात तो चढला की सगळ्यांनी बोटीवर यावं, बोट सुटते आहे. तोही 'बोटीवर चला' या शब्दांच्या शेजारी, कारण प्रवाशाला झेंडे वाचता येतील हे गृहीत धरणं म्हणजे आमची हौस.

मग ऊन. निळ्या पार्श्वभूमीवर (आरजीबी ११, ३७, ६९) लाल (२००, १६, ४६) म्हणजे सागरी सजावटीतली नेहमीची जोडी. तिचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, भरतो जेमतेम २.६ ला १. चिन्हांना किमान ३ लागतो, साध्या मजकुराला ४.५. ऑफिसच्या मॉनिटरवर तो लाल उठून दिसत होता. डेकवर नुसता काळा डाग. निळ्यावर पांढरं १५.४, पांढऱ्यावर तोच लाल ५.९. म्हणून लाल जिथे येईल तिथे खाली पांढरी चकती घातली. पोलराइज्ड गॉगल लावलेल्या खलाशाला टॅबलेट आडवा धरल्यावर पडदा काळा दिसला, उभा केल्यावर ठीक. हा दोष डिझाइनचा नाही, पण खुंटी ठोकायच्या आधी दोन्ही बाजूंनी बघून घ्यावं.

दोरखंडाची चौकट तांडेलांनी नाही, खलाशाने पकडली. "ह्या दोरीचा पीळ मध्येच उलटा झालाय." चारही बाजू बनवताना आम्ही एका तुकड्याची आरशासारखी प्रतिमा घेतली होती. आरशात उजवा पीळ डावा होतो. तुकडा फिरवायचा असतो, उलटवायचा नसतो. शिवाय २४ पिक्सेलचा तुकडा ३६० रुंदीत १५ वेळा नेमका बसतो, पण ४१२ च्या फोनवर १७ वेळा बसून थोडासा उरतो आणि कोपऱ्यात दोर तुटलेला दिसतो. सीएसएसमध्ये (पडद्याची मांडणी लिहायच्या भाषेत) बॉर्डर-इमेजला, म्हणजे चित्राच्या चौकटीला, 'राउंड' सांगितलं की तुकडे किंचित ताणून किंवा दाबून पूर्ण संख्येत बसवले जातात. खरं सांगायचं तर ही चौकट मी पूर्ण काढली असती. तिकिटाच्या कडेपुरती राहिली.

सुकाणूचं चाक स्वस्त फोनवर थांबलेलंच दिसत होतं. चाकाला आठ आरे, वेग सेकंदाला एक फेरा, आणि बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये फोन सेकंदाला सुमारे आठच चित्रं दाखवत होता. प्रत्येक चित्रात चाक ४५ अंश पुढे, म्हणजे नेमका पुढचा आरा मागच्याच्या जागी. उपाय जुन्या चाकांतच होता. सुकाणू सरळ असताना जो आरा वर येतो त्याला दोरीची गाठ गुंडाळतात, म्हणजे अंधारात हाताला कळतं. एक आरा तसा वेगळा केल्यावर चाक फिरताना दिसू लागलं.

सगळ्यात गंभीर चूक मात्र दिसायला सगळ्यात लहान होती. नौकानयनाच्या नकाशावर ३ च्या पुढे किंचित खाली बारीक ५ लिहिला तर खोली साडेतीन मीटर. आमच्या फॉन्टमध्ये तो खालचा आकडा नव्हता, म्हणून टॅबलेटवर सरळ ३५ उमटले. तांडेल हसले, कारण तिथलं पाणी त्यांना पाठ होतं. नवख्या माणसाने काय केलं असतं, याचा विचार नको वाटतो. त्याच दिवशी खोलीचे आकडे सगळीकडून काढले. रंगही बदलले. आम्ही खोल पाणी गडद आणि उथळ फिकं केलं होतं. देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या नकाशात उथळ पाणी निळं आणि खोल पांढरं असतं, ओहोटीला उघडी पडणारी जागा हिरवट, जमीन पिवळसर. तांडेलांच्या पडद्याला तीच रीत लावली. प्रवाशांच्या नकाशात पाणी एकाच रंगाचं, कारण त्यांना खोलीशी देणंघेणं नाही.

परतीला अंधार पडला तेव्हा केबिनमध्ये त्या टॅबलेटवर कापड टाकावं लागलं. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा पडदा एका नजरेत ती घालवतो. दिवसाचे रंग उलटे केले की रात्रीचे होत नाहीत. काळं घ्यायचं, अक्षरं मंद करडी, पांढरं कुठेच नाही, आणि लाल-हिरवा ओळखू येईल इतपतच उजेड. जहाजांच्या इलेक्ट्रॉनिक नकाशात दिवस, संधिप्रकाश आणि रात्र असे वेगळे रंगसंच असतात. आम्हीही तिन्ही केले. सूर्यास्ताच्या वेळेवर आपोआप बदलण्याची सोय मात्र काढून टाकली. पावसाळी ढगांनी चार वाजताच अंधारलं तर घड्याळाला ते कळत नाही. आता प्रकाशाचा सेन्सर आहे आणि वर एक मोठं बटण, ६४ पिक्सेलचं, ओल्या बोटाने दोन सेकंद दाबून धरायचं.