रॉयोमाँचा जिना

पॅरिसमध्ये मराठी पर्यटकांना फिरवणं हा माझा व्यवसाय. एकदा अख्खा गट निवृत्त डॉक्टरांचा होता, म्हणून त्यांना मुद्दाम शहराच्या उत्तरेला रॉयोमाँच्या मठात नेलं.

नवव्या लुई राजानं १२२८ मध्ये, कोवळ्या वयात, वडिलांच्या इच्छापत्राप्रमाणे स्थापलेला हा सिस्टर्शियन, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथाचा, मठ. शंभर मीटरहून लांब असं त्याचं चर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नव्या मालकानं पाडलं आणि मठात सूतगिरणी घातली. चर्चचा एक बुरूज तेवढा उरलाय. तो बघून दर वेळी मला हळहळ वाटते.

पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१५ पासून, इथं जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. सर्जनपासून स्ट्रेचर उचलणाऱ्यांपर्यंत जवळजवळ सगळ्या बायका! नैनितालला जन्मलेल्या डॉ. एल्सी इंग्लिस यांनी स्त्रियांचं पथक देऊ केलं, तेव्हा ब्रिटिश युद्धखात्यानं त्यांना घरी स्वस्थ बसायला सांगितलं. फ्रेंचांनी ते पथक घेतलं.

"लिफ्ट होती का हो?" कोल्हापूरच्या सर्जन बाईंनी विचारलं.

"नव्हती. सगळे पेशंट जिन्यावरून."

बाई थेट जिन्याशी गेल्या. वळणावर दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "इथं खालच्या दोघींना स्ट्रेचर खांद्याच्या वर धरावं लागत असणार. नाहीतर पेशंट घसरलाच."

मुख्य सर्जन फ्रान्सिस आयव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं क्ष-किरणांच्या मदतीनं गॅस गँग्रीन, म्हणजे जंतूंमुळे जखमेत वायू होऊन मांस सडणं, लवकर ओळखायचं काम केलं, असं मी सांगितलं. बाईंनी स्वतःच्या दंडावर अंगठा दाबला. "असं दाबलं की कातडीखाली कुरकुर लागते. बैलगाडीखाली पाय सापडलेला एक शेतकरी माझ्याकडे आला होता. शेणखताची माती जखमेत गेलेली. यांच्याकडे तर पेनिसिलीनही नव्हतं!"

संन्याशांच्या भोजनशाळेत तेव्हा वॉर्ड होता. आम्ही पोचलो तेव्हा तिथं गायकांची तालीम चालू होती. १९६४ मध्ये मालक गुआँ दांपत्यानं वास्तू प्रतिष्ठानाच्या हवाली केली. आता संगीत आणि नृत्याचे कलावंत इथं राहून काम करतात. मला हेच फार मोलाचं वाटतं. नुसती कुंपण घालून राखलेली वास्तू मला पोरकी वाटते.

परतताना बाई बसमध्ये शेजारी येऊन बसल्या. "त्या आयव्हन्सचं पुढं काय झालं?"

फ्रान्सनं त्यांना लीजन ऑफ ऑनर हा आपला मोठा सन्मान दिला, आणि युद्धानंतर त्या लिव्हरपूलला परतून पुन्हा स्त्रियांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या, असं मी सांगितलं. बाईंनी ते नाव वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं.